घरातल्या म्हाताऱ्या आणि दिव्यांग माणसांची वर्षानुवर्षांची काळजी: कोल्हापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या घरी कुणाला आंघोळ घालावी लागते, भरवावं लागतं, संडासला धरून न्यावं लागतं, त्यांच्यासाठी हे पान आहे. लोक दोन तऱ्हेचे प्रश्न विचारतात. एक, 'आज कुठल्या ऑफिसात जाऊ?' आणि दुसरा, 'सरकारनं याचा काही विचार केलाय का?' दोन्ही इथं एकत्रच घेतले आहेत, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतकं अवघड का झालंय हे दुसऱ्याच्या उत्तरातून कळतं.

दवाखान्यातला उपचार आणि ही काळजी, यात फरक काय?

उपचार कधीतरी संपतो. पक्षाघात झालेल्या माणसाला थोरल्या दवाखान्यातून, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयातून, आठ-दहा दिवसांत घरी सोडतात. डॉक्टरांचं काम तिथं बरंचसं झालेलं असतं, घरच्यांचं मात्र त्या दिवशी सुरू होतं आणि ते दहा वर्षंही चालू शकतं. दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, नळी सांभाळणं, पाठीला जखम होऊ न देणं, औषधं वेळेवर देणं, रात्री दोनदा उठणं. जन्मतः सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाच्या बाबतीत हाच हिशेब चाळीस-पन्नास वर्षांचा होतो.

म्हणून म्हातारपण आणि दिव्यांगत्व हे दोन विषय सरकारी फायलीत वेगळे असले तरी घरात एकच आहेत. ऐंशी वर्षांच्या आजीला आणि तिच्या पंचवीस वर्षांच्या बहुविकलांग नातवाला लागणारी मदत जवळजवळ सारखी असते, आणि ती देणारी बाईही बऱ्याचदा एकच असते.

हे काम राज्याचं आहे की केंद्राचं?

मुख्यतः राज्याचं. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीत सहाव्या नोंदीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं आहेत, नवव्या नोंदीत दिव्यांग आणि काम करू न शकणाऱ्यांना साहाय्य आहे. शिवाय कलम 41 म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्वात सार्वजनिक मदतीची तरतूद करायला शासनाला सांगतं. केंद्राचे कायदे आहेत, काही योजना आहेत, थोडा पैसा आहे. पण माणूस कोण नेमणार, घरी कोण येणार, वृद्धाश्रम कोण तपासणार, हे मुंबईत ठरतं. त्यामुळं आपलं गाऱ्हाणं आमदारापुढं मांडणं जास्त योग्य.

महाराष्ट्राकडे यासाठी आराखडा आहे का?

तुकडे आहेत. 2018 चं ज्येष्ठ नागरिक धोरण आहे, त्यात ज्येष्ठ म्हणवण्याचं वय 60 धरलं. 2012 पासून वेदनाशामक शुश्रूषेचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं, धोरण आहे. डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, ही मोठी गोष्ट होती. सामाजिक न्याय विभाग पेन्शन बघतो, आरोग्य विभाग दवाखाने बघतो, महसूल खातं अर्ज घेतं.

या सगळ्यांत सरकारनं दोन गोष्टींचा विचार केलेला दिसतो: महिन्याला थोडे पैसे आणि दवाखान्यातली खाट. मधली जागा मोकळी आहे. रोज सकाळी त्या माणसाला उठवायला हात कुणाचे, हा प्रश्न कुठल्याच विभागाच्या टेबलावर पूर्णपणे येत नाही. तो घरावर सोडला आहे, आणि घरात तो सुनेवर, लेकीवर किंवा म्हाताऱ्या बायकोवर येऊन पडतो. माझ्या मते राज्याच्या नियोजनातली खरी उणीव ही आहे, आणि खालच्या बऱ्याच उत्तरांत ती परत परत दिसेल.

अशी मदत लागणारी माणसं किती आहेत, हे सरकारला माहीत आहे का?

2011 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या 38 लाख 76 हजार होती. राज्यात साठीपुढचे लोक दहा टक्क्यांच्या जवळपास होते आणि दिव्यांग म्हणून नोंद झालेले 29 लाखांवर. हे आकडे आता फार जुने झाले, आणि पुढची जनगणना 2027 ची आहे. देशभरातल्या वृद्धांच्या मोठ्या पाहणीत (2017-18) साठीपुढच्या साधारण चौघांतल्या एकाला अंघोळ, कपडे, चालणं, जेवण, संडास यांपैकी निदान एका कामात अडचण होती.

पण गावपातळीवर माहिती गोळा होतेच आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना-चालताना तोल जातो का? जेवण, कपडे, आंघोळ, संडास यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? म्हणजे नियोजनाला हवी असलेली यादी गावोगाव कागदावर उतरत असते. तिच्यातून तालुक्याचा आकडा काढून 'आपल्याकडे इतक्या लोकांना रोजची मदत लागते, त्यासाठी इतकी माणसं हवीत' असं मांडणं, एवढंच राहिलंय. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड इथल्या वाड्यांवर आणि धनगरवाड्यांवर तर ही यादी आधी हवी, कारण तिथून दवाखान्यापर्यंत माणूस आणण्यातच दिवस जातो.

पेन्शन किती मिळते आणि कुणाला?

संजय गांधी निराधार अनुदान योजना 65 वर्षांच्या आतल्यांसाठी, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन 65 आणि पुढच्यांसाठी. जुलै 2023 पासून दोन्हींत महिना 1,500 रुपये. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर 2025 पासून 2,500. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये, दिव्यांगांसाठी 50,000. अर्ज तहसीलदार कार्यालयात, सेतूमधून.

21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. इतकं कमी उत्पन्न असलेलं घर आज कागदावरच सापडतं, म्हणून दाखला काढतानाच अर्धे लोक अडकतात. ही मर्यादा वाढली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि 1,500 रुपयांचा हिशेब केला तर दिवसाला पन्नास रुपये होतात. डायपर वापरावे लागतात त्या घरात ते किती पुरतात, हे त्या घरच्यांना सांगायला नको.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 65 वर्षांवरच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर.

सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान कार्डावर घरी नर्स मिळते का?

नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढं उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. कार्ड जरूर काढा. घरच्या शुश्रूषेचा खर्च मात्र त्यातून निघत नाही.

पॅरालिसिस झालेल्या वडिलांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं का? ते तर म्हातारे आहेत.

मिळू शकतं. वयाची आडकाठी नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकार आहेत. पक्षाघातानं हातपाय गेले तर ते चलनवलनाच्या दिव्यांगत्वात येतं, पार्किन्सन तर यादीत नावानिशी आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त निघालं की बहुतेक योजनांचं दार उघडतं. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन नोंदणी करून तपासणीला जायचं असतं. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, त्या नावानं यादीत नाही. वृद्धांच्या काळजीत सगळ्यात जास्त दमवणारा आजार कायद्याच्या यादीत नसणं ही मोठी त्रुटी आहे.

आणखी एक: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून, जिना चढवून तपासणीला आणणं हा छळ होतो. तालुक्यात शिबिर लागलं तर ती तारीख पकडा. ज्यांना उचलूनच न्यावं लागतं त्यांची तपासणी घरी येऊन व्हावी, ही मागणी जिल्ह्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि दिव्यांग संघटनांनी एका आवाजात करायला हवी.

सासूबाईंना मी सांभाळते. त्यासाठी मी काम सोडलं. मला काही मिळतं का?

सरळ उत्तर: सांभाळणाऱ्याच्या नावावर महाराष्ट्रात नियमित भत्ता मिळत नाही. पण यावर थोडं थांबायला हवं, कारण कायद्यात त्याची जागा आहे.

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांची यादी आहे. त्यात जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता स्पष्ट लिहिलेला आहे. त्याच कलमात असंही आहे, की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच योजनेत इतरांना मिळणाऱ्या मदतीपेक्षा किमान 25 टक्के जास्त असावी. कलम 38 नुसार जास्त आधार हवा असलेली व्यक्ती, किंवा तिच्या वतीनं दुसरं कुणी, तसा अर्ज करू शकतं आणि त्यासाठी नेमलेल्या मूल्यमापन मंडळानं तिची गरज तपासायची असते. 'राज्याच्या आर्थिक कुवतीनुसार' अशी पळवाट कलमात आहे हे खरं. पण केरळात अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम' नावाची योजना आहे, महिना 600 रुपयांची. रक्कम लहान आहे. तरीही त्या सहाशे रुपयांनी एक गोष्ट सरकारदप्तरी नोंदवली गेली: घरात बसून माणूस सांभाळणारी बाई काम करते आहे.

आपल्याकडे तिचा दिवस कसा जातो ते बघा. पहाटे म्हशीची धार, डेअरीला दूध, मुलांचे डबे, मग सासूबाईंचं अंग पुसणं, मग शेत, मध्ये घरी येऊन वळवणं-भरवणं. तिला ताप आला तर त्या दिवशी सासूबाईंचं कोण करणार, याची सोय गावात नाही. म्हणून भत्त्याइतकीच, खरं तर त्याहून जास्त, गरज आहे ती सुटीची. महिन्यातून चार दिवस तरी कुणी प्रशिक्षित माणूस घरी यावा, किंवा तालुक्याच्या ठिकाणी आठवडाभर ठेवून घेणारी जागा असावी. ग्रामीण रुग्णालयात अशा चार खाटा राखल्या तरी शेकडो घरांना श्वास घेता येईल. आराखड्यात मला एकच ओळ घालायची मुभा मिळाली तर मी ही घालीन.

मुलगा पुण्यात आहे, फोन उचलत नाही, पैसे देत नाही. काय करता येईल?

2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायदा यासाठीच आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढं चालणाऱ्या न्यायाधिकरणाकडे करायचा, म्हणजे आपापल्या तालुक्याप्रमाणे करवीर, इचलकरंजी, गडहिंग्लज अशा प्रांत कार्यालयात. स्वतः जाता येत नसेल तर तुम्ही नेमलेली व्यक्ती किंवा संस्था तुमच्या वतीनं अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. वकिलाशिवाय चालावी अशीच याची रचना आहे. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित, फार तर आणखी 30 दिवस. निर्वाहाची रक्कम महिना 10,000 रुपयांपर्यंत. निकाल पटला नाही तर 60 दिवसांत अपील.

मूलबाळ नसेल तर? तुमची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारसानं ज्याला मिळणार आहे, त्या नातेवाइकावर जबाबदारी येते. पुतण्या आणि भाचा, दोघांनाही हे लागू होऊ शकतं.

अर्ज करायला माणसं कचरतात, 'पोराची अब्रू जाईल' म्हणतात. ती भावना मी समजू शकतो. एवढंच सांगतो, की कायद्यात आधी समेट घडवण्याची पायरी आहे, आणि बऱ्याचदा नोटिशीनंतर घरातल्या घरात बोलणं सुरू होतं.

जमीन आणि घर मुलाच्या नावावर करून दिलं. आता तो बघत नाही. परत मिळेल का?

कागदावर काय लिहिलंय त्यावर अवलंबून आहे. याच कायद्याचं कलम 23 सांगतं, की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अशी अट होती हे दिसायला हवं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयानं एका आईचं बक्षीसपत्र रद्द करून तिला ताबा परत देवविला आणि हा कायदा वृद्धांच्या बाजूनं उदारपणे वाचावा असं सांगितलं.

म्हणून बक्षीसपत्र करणारच असाल तर 'माझ्या हयातीत माझं अन्न, औषधपाणी, शुश्रूषा आणि राहणं यांची जबाबदारी घेण्याच्या अटीवर' असं त्यातच लिहून घ्या. दुय्यम निबंधकाकडे घाईनं सही करू नका. त्याहून बरं म्हणजे मृत्युपत्र करा आणि हयातीत सातबारा आपल्याच नावावर राहू द्या. हे मी प्रत्येकाला सांगतो, मुलगा कितीही चांगला असला तरी.

आमचा मुलगा तीस वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग आहे. आम्ही गेल्यावर त्याचं काय?

सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न हा.

पहिलं काम कायदेशीर पालकत्वाचं. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 नुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख, शिवाय एक नोंदणीकृत संस्था आणि एक दिव्यांग व्यक्ती सदस्य. कोर्टात जावं लागत नाही. आपण जिवंत असतानाच आपल्यानंतर पालक कोण, याचाही विचार करून त्या भावंडाशी मोकळेपणानं बोलून ठेवा.

दुसरं, याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना. वर्षाला एक लाखापर्यंत, आणि यात ओपीडी आणि थेरपीसुद्धा येतात. फिजिओथेरपीचा खर्च भागवणारी अशी सोय दुसरीकडे सहसा सापडत नाही.

तिसरं, वडील किंवा आई सरकारी नोकरीतून निवृत्त असतील तर स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला पुढं कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. निवृत्तिवेतनाच्या कागदांत त्याचं नाव आणि प्रमाणपत्र आजच नोंदवा. आई-वडील गेल्यावर नातेवाइकांना ते सिद्ध करत बसावं लागू नये.

चौथं, राहण्याची जागा. इथं राज्य खरोखर कमी पडतं. अठरा वर्षांपर्यंत विशेष शाळा आहेत, कार्यशाळा आहेत. त्यानंतर आयुष्यभर राहता येईल अशी घरं फार थोडी, आणि ती बहुतेक सेवाभावी संस्थांनी उभी केलेली. कोल्हापूरला याची थोर परंपरा आहे. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था इथं उभी केली. उचगावच्या वसतिगृहापासून शाळा आणि रोजगारापर्यंत तिचं काम गेलं. दिव्यांग माणसानं दयेवर नाही, कष्टावर उभं राहावं, हे या गावानं त्यांच्याकडून पाहिलं आहे. पण एका बाईच्या जिद्दीवर जिल्ह्याची व्यवस्था चालू शकत नाही. दर तालुक्यात आठ-दहा जणांचं, गावात मिसळलेलं, लहानसं घर असावं. गावाबाहेर डांबून ठेवणारी मोठी इमारत नको. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, तो या घरांमधूनच खरा होईल.

वडिलांना काही आठवत नाही. त्यांच्या खात्यातले पैसे त्यांच्याच उपचारासाठी काढता येत नाहीत.

मुखत्यारपत्र केलं असेल तरी देणाऱ्याची समज गेल्यावर ते कायद्यानं टिकत नाही. राष्ट्रीय न्यासाची समिती स्मृतिभ्रंशासाठी पालक नेमत नाही. कोमात किंवा पूर्ण विस्मरणात गेलेल्यांसाठी उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यानं त्यासाठी मुंबईला खेटे घालायची गरज आता उरली नाही. सुरुवातीची लक्षणं दिसताच, समज शाबूत असताना, खातं संयुक्त करणं हा सगळ्यात सोपा उपाय. खात्यावर 'दोघांपैकी कुणीही' अशी नोंद हवी.

शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून मावशी ठेवायच्या आहेत. काय बघावं?

आधार कार्ड, आधीच्या दोन घरांचे फोन, आणि तुमच्यासमोर एक दिवस काम. माणूस कसा वळवतात, उचलताना कुठं धरतात, हे बघा. पैसे ब्युरोला किती आणि मावशींना किती, हेही विचारा, कारण मधला वाटा मोठा असेल तर मावशी टिकत नाहीत.

या क्षेत्रात प्रशिक्षणाची सक्ती नाही. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत वृद्धांसाठी काळजीवाहक तयार करण्याचा भाग आहे. आयटीआयमध्ये, नर्सिंग कॉलेजांत सहा महिन्यांचा अभ्यासक्रम घेऊन गावातल्याच मुलींना आणि मुलांना हे काम शिकवलं, त्यांना किमान वेतन आणि ओळखपत्र दिलं, तर रोजगारही होईल आणि घरांना भरवशाचा माणूस मिळेल. पुरुष रुग्णांना उचलायला पुरुष लागतो, त्यामुळं मुलांनाही या कामात आणायलाच हवं.

सरकारी वृद्धाश्रम आहे का?

2007 च्या कायद्यात दर जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकार उभारू 'शकेल', असं आहे. सक्ती नाही. 1995 पासूनची मातोश्री वृद्धाश्रम योजना आहे, बाकी भार संस्थांवर. शिवाय बहुतेक वृद्धाश्रम चालत-फिरत असलेल्यांनाच घेतात, अंथरुणाला खिळलेल्याला नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दार बंद.

पुरात काय?

2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै कोल्हापूर विसरणार नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. शिरोळ तालुका, प्रयाग चिखली, आंबेवाडी इथले लोक पाणी चढायच्या आधी जनावरं हलवतात, मग पोरंबाळं. अंथरुणावरच्या माणसाला बोटीत घालणं शेवटच्या क्षणी जमत नाही.

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 8 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची माहिती नोंदवून ठेवायची आहे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची आहे. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं मे महिन्यातच अशी यादी करावी: नाव, घर, उचलायला किती माणसं लागतील, ऑक्सिजन किंवा एअर बेड आहे का. आणि यांना 39 फुटांची वाट न बघता सगळ्यांत आधी हलवावं. निवारा केंद्र म्हणून जी शाळा ठरली असेल तिथं तळमजल्यावर एक खोली आणि कमोड यांच्यासाठी राखावा. याला फारसा पैसा लागत नाही.

दुसरीकडे हे कसं करतात?

जर्मनीनं 1995 मध्ये काळजी विमा सुरू केला, पगारातून वर्गणी कापून. जपाननं 2000 मध्ये चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून वर्गणी घेऊन, निम्मा पैसा करातून घालून तशीच व्यवस्था केली. तिथं अर्ज केला की माणसाची गरज तपासून पायरी ठरते आणि त्याप्रमाणे घरी मदत किंवा दिवसाचं केंद्र मिळतं. आपल्याकडे पगारपत्रक असलेली माणसं थोडी, त्यामुळं वर्गणीची वाट जशीच्या तशी चालणार नाही. गरज तपासून पायरी ठरवणं मात्र उद्यापासून जमेल.

आपल्याला जवळचं केरळ. तिथं 2008 मध्ये पॅलिएटिव्ह धोरण आलं आणि पंचायतीमार्फत नर्स घरोघर जाऊ लागल्या, सोबत गावातले स्वयंसेवक. तामिळनाडूत 2021 पासून आरोग्य कर्मचारी घरी जाऊन औषधं आणि फिजिओथेरपी देतात. महाराष्ट्राची सहकाराची ताकद या दोन्ही राज्यांपेक्षा कमी नाही. जो जिल्हा रोज पहाटे वाडीवाडीवरून दूध गोळा करून मुंबईला पोचवतो, त्याला आठवड्यातून एकदा एक नर्स त्याच वाडीवर पोचवणं अशक्य नाही.

ग्रामपंचायत किंवा महापालिका आत्ता काय करू शकते?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करायचा आहे. पुष्कळ गावांत तो दिवाळीच्या तोंडावर डोक्यागणिक वाटून टाकतात. हजार-दीड हजार हातात पडतात आणि वर्षभर काही उभं राहत नाही. त्याऐवजी दोन-तीन गावांनी मिळून एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्च्या घेऊन उपकेंद्रात ठेवल्या, तर गरज पडेल त्याला नेता येतील आणि काम झाल्यावर परत करता येतील.

गावाचा वार्षिक विकास आराखडा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो. त्यात रस्ते-गटारींबरोबर 'रोजची मदत लागणाऱ्या वृद्ध व दिव्यांगांची यादी आणि त्यांच्यासाठीची तरतूद' असा विषय घ्यावा म्हणून सप्टेंबरातच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. आशाताईंना सभेला बोलवा, आकडा त्यांच्याकडूनच येऊ द्या. शहरात राहत असाल तर हाच अर्ज महापालिकेच्या अंदाजपत्रकाआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आपल्या नगरसेवकामार्फत द्या.

तातडीनं बोलायला कुणी आहे का?

एल्डरलाइन 14567, सकाळी आठ ते रात्री आठ, मोफत. छळ होत असेल, कुणी म्हातारं माणूस रस्त्यावर सोडलेलं दिसलं, किंवा नुसती माहिती हवी असेल तरीही. समाजकल्याणचं जिल्हा कार्यालय विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात आहे. माजी सैनिकांच्या घरच्यांनी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आधी विचारावं. जाताना यूडीआयडी, आधार, रेशनकार्ड, पासबुक यांच्या दोन-दोन झेरॉक्स घ्या, आणि घरातल्या माणसाचा अंथरुणावरचा एक फोटो मोबाइलमध्ये असू द्या. 'माणूस घेऊन या' असं कुणी म्हणालं तर तो दाखवा आणि घरी येऊन तपासायची विनंती तिथंच लिहून द्या.